दुसरी बेल

गावंडे काकांच्या कार्यक्रमाला गेलेला माणूस मांडवातून बाहेर पडताना शेजारच्याला हमखास विचारायचा, "झालं का?" लग्न असो, बारसं असो, नव्या घरात राहायला जाणं असो, नाहीतर कोणी गेल्यानंतरची सभा असो. शेजारचा इकडेतिकडे बघून म्हणायचा, "मले वाटते, झालं असन." खात्री कोणालाच नसायची. अकोल्यात मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून बरीच वर्षं राहिले. त्यांच्या कितीतरी कार्यक्रमांना गेले. त्यांतल्या पुष्कळांचे बोर्डही मीच रंगवले, कारण मी शाळेत चित्रकला शिकवत होते आणि काकांच्या मते चित्रकलेचं शिक्षण शेजाऱ्यांचे बोर्ड फुकट रंगवून देण्यासाठीच असतं. तरी आज कोणी मला विचारलं की हे गावंडे काका नेमकं काय करायचे, तर मी गोंधळते.

सोपं उत्तर असं की ते देवाधर्माशिवाय कार्य लावून द्यायचे. भटजी नाही, मुहूर्त नाही, होम नाही, कोणाच्याच पोथीतलं काही नाही. पण मग काय आहे, असं विचारलं की काका म्हणायचे, "ते पाहू ना मंग." काय करायचं नाही हे त्यांना पाठ होतं. काय करायचं ते मात्र मांडवात उभं राहिल्यावर सुचायचं, कधीकधी तेव्हाही नाही.

नाव पुंडलिकराव. या नावाचा माणूस देवाला घराबाहेर ठेवतो, यावर त्यांचे मित्र त्यांना आयुष्यभर छळत आले. नोकरी कंडक्टरची. अकोला-अमरावती, अकोला-दर्यापूर, मधली काही वर्षं धारणीची घाटातली गाडी. निवृत्त झाल्यावर खाकी गेली, पण शर्ट सगळे दोन खिशांचे, खिशांना झाकण आणि बटण असलेले, एकाच शिंप्याकडून शिवून घेतलेले. कुठूनही निघताना ते डावा खिसा चापपायचे, मग उजवा. खिशात बहुतेक वेळा काहीच नसे. मांडवात ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. खांबाला एक खांदा लावून, पाय फाकवून उभे राहायचे, पुढे कधी ब्रेक लागेल सांगता येत नाही अशा बेतानं. आणि भाषणाच्या मध्येच, "पुढं सरका बाप्पा, मांगं लोक हायेत," हे असायचंच. मागे कोणी नसलं तरी.

ते या वाटेला का लागले याच्या दोनतीन कथा कॉलनीत होत्या आणि काका सगळ्यांना हो म्हणायचे. मला त्यातली कावळ्याची खरी वाटते. त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं, माणसं भुकेली, काकांची संध्याकाळची ड्यूटी. वडिलांच्या जेवढ्या म्हणून इच्छा आठवल्या तेवढ्या पूर्ण करायचं सगळ्यांनी कबूल करून झालं, तरी कावळा येईना. शेवटी कोणीतरी म्हणालं, दर्भाचा करा. दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि सगळे घरी आले. "मले हे समजलं नाई मॅडम," काका सांगायचे. "गवताचा चालत होता, तर आपुन खऱ्याची वाट काहून पाहून राह्यलो होतो?" हा प्रश्न त्यांनी अनेकांना विचारला. कोणाला हरवायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून त्यांनी कावळाच बंद केला.

त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम दर्यापूरचा. बरोबरीच्या एका कंडक्टरच्या मुलीचं लग्न. मुलगा दुसऱ्या जातीतला. मुलीकडचे म्हणत आमच्या पद्धतीनं, मुलाकडचे म्हणत आमच्या. भांडून भांडून शेवटी, तुमच्याही नको आणि आमच्याही नको, यावर दोघांचं एकमत झालं आणि काकांना बोलावणं आलं. बोर्ड माझा, म्हणून मीही गेले. सोबत कुसुमकाकू होत्याच. त्या प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या आणि सगळ्यात मागच्या रांगेत, स्वयंपाकाच्या बाजूला बसायच्या.

कापसाच्या जिनिंगच्या मैदानात मांडव होता आणि ऊन असं की खुर्च्यांना हात लावता येत नव्हता. अक्षता नकोत, खायची ज्वारी फेकायची नाही, असं काकांनी बजावलं होतं. पण मुलाच्या मावशांनी पिवळी केलेली ज्वारी मुठीमुठीनं वाटूनच टाकली होती. काका खांबाला टेकून बोलायला लागले. संसार ही लांब पल्ल्याची गाडी आहे, मधे उतरणारे उतरतील, चढणारे चढतील, असं बरंच काही. हार अजून ताटातच होते. बोलता बोलता काका म्हणाले, "रस्ता खराब हाये, म्हनून दोघायनंबी राहावं सावधान."

त्या एका शब्दासरशी सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. पुढच्या रांगा उठून पंगतीकडे निघाल्या. नवरी हार हातात घ्यावा की नाही अशी माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मला ठाऊक होतं. नवऱ्याच्या मामानं काकांना गाठलं. "गावंडे, लगन लागलं का?"

"लागून राह्यलं," काका म्हणाले.

बँडच्या आवाजात हार घातले गेले. तेव्हा अर्धी माणसं वरण-पोळीला बसली होती. संध्याकाळी मुलीची आजी अडून बसली. "मी पाह्यलं नाई. माह्या डोयासमोर लावा." तिच्यासाठी पुन्हा हार घातले. माझ्या हिशेबानं त्या जोडप्याचं लग्न अडीच वेळा लागलं, आणि ते अजून बरं चाललं आहे.

परतताना जीपमध्ये काका म्हणाले, "गाडी सुटली का नाई, हे लोकायले समजलं पाह्यजे, मॅडम. बाकी काही नसलं तरी चालते."

काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मी उठली तवा सुटली."

काकांना ते ऐकू गेलं नसावं. पुढच्या आठवड्यात ते भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या बसची घंटी घेऊन आले, दोरीसकट. एका फळीवर ती ठोकली, मला फळी रंगवायला लावली, आणि त्यावर लिहवून घेतलं: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तेव्हापासून कुठलंही कार्य असलं की आधी बांबूला ती फळी बांधली जायची. कार्य संपलं की काका दोरी दोनदा ओढायचे. डबल बेल. लग्न लागलं, नाव ठेवलं, घर झालं, माणूस गेला. आता जेवायला चला.

लोकांना हे आवडलं. तरी एक गोष्ट मी बघत आले होते. डबल बेल झाली तरी मांडवातली माणसं लगेच उठायची नाहीत. आधी मान वळवून मागच्या रांगेकडे बघायची. काकू पदर खोचून उठल्या, वाढप्याला हात केला, की मग सगळ्यांना झाल्यासारखं वाटायचं. हे काकांच्या कधी लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. ते पुढे तोंड करून उभे असायचे.

काकूंचं आणि देवांचं प्रकरण इथेच सांगायला हवं. त्या पातूरच्या. लग्नात माहेराहून सगळ्यांना मिळते तशी पितळेची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यांनाही मिळालेले. कॉलनीत घर बांधलं तेव्हा काका म्हणाले, देवघर नको. काकूंनी वाद घातला नाही. एका दुपारी स्टीलचा छोटा डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"मॅडम, तुमच्या देवात जागा हाये का? दोघंच हायेत. लहान हायेत."

तेव्हापासून ते दोघं माझ्या देव्हाऱ्यात राहिले आणि काकू रोज दिवेलागणीला येऊ लागल्या. मी स्वतः फार देवभोळी नाही. दिवा लावते, कारण नाही लावला तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. काकू दोन्ही देव पदरानं पुसायच्या, जागेवर ठेवायच्या आणि समोर पाय दुमडून बसायच्या. ओठ हलायचे नाहीत. यात चोरी नव्हती. काकाच कधीकधी भिंतीवरून हाक मारायचे, "तिकडचा दिवा लागला असन तर इकडं चहा मांड." त्यांना राग होता असं मला कधी दिसलं नाही. काकूंना विचारावं असंही त्यांना कधी वाटलं नसावं.

विचारण्यावरून आठवलं. काकांचं सगळं काम एका प्रश्नावर चालायचं. कार्य ठरवायला माणसं आली की ते आधी प्रत्येकाला विचारायचे, "तुमचं काय म्हननं हाये?" नवरदेवाला, नवरीला, सासऱ्याला, कोपऱ्यात बसलेल्या आत्याला. आत्या म्हणायची, आमाले कोन इचारते. काका म्हणायचे, "मी इचारून राह्यलो ना." आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारल्यामुळे आत्या अशी गोंधळायची की तिला काही सुचायचंच नाही. मग दोन दिवसांनी तिचा फोन यायचा आणि ती भलतंच काहीतरी मागायची. काका ते करायचे.

माझ्या नातीचं बारसं त्यांनीच केलं. माझ्या मुलीला गोविंद-गोपाळ नको होतं आणि तिच्या सासूबाईंना पाळण्यावरून-खालून बाळ द्यायचं तर काहीतरी म्हणायला हवंच होतं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या नाही, तर मग काय घ्या?" त्या विचारत राहिल्या. काका खांबाशी उभे. खिसे चापपले. त्यांना जे येत होतं ते त्यांनी म्हटलं.

"अकोला घ्या."

पाळण्याच्या या बाजूच्या बायकांनी बाळ दिलं.

"बोरगाव घ्या. मूर्तिजापूर घ्या. बडनेरा घ्या. पुढं सरका बाप्पा. अमरावती घ्या."

सासूबाई आधी घुश्शात होत्या. बडनेऱ्यापर्यंत येता येता हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरात तिचं नाव रेवा असलं तरी तिचा बाप तिला लाडात अजून मूर्तिजापूर म्हणतो. डबल बेल झाली तेव्हा बाळ दचकून रडलं. काका खूश झाले. म्हणाले, "हिले समजलं, झालं म्हनून."

आणि रफीकभाईंचा कार्यक्रम. रफीकभाई म्हणजे काकांच्या गाडीचे ड्रायव्हर. घाटात, धुक्यात, बाजाराच्या गर्दीत यांनी बेल मारायची आणि त्यांनी गाडी काढायची, अशी दोघांची निम्मी नोकरी सोबत गेली. रफीकभाई निवृत्त झाले तेव्हा काकांनी त्यांच्या अंगणात कार्यक्रम ठेवला. रफीकभाई पाच वेळचे नमाजी. कंडक्टरला म्हणतात तसं ते काकांना मास्टर म्हणायचे. ते म्हणाले, "मास्टर, लगन आन मयत आमचं आमच्याच रिवाजानं होईन. रिटायरमेंट मात्र तुमच्याकडं. त्याले ना मौलवी लागत, ना भटजी." दालचा-भाताचा वास सुटला होता. सगळ्यांचं बोलून झालं, रफीकभाई हारासकट प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. काकांनी दोरी दोनदा ओढली. त्यासरशी रफीकभाईंचा डावा पाय खाली दाबला गेला आणि हात बाजूला गिअर शोधायला गेला. सगळे हसले, तेही हसले. मग रुमाल काढून बराच वेळ तोंड पुसत राहिले. म्हणाले, "मास्टर, कार्यक्रम चांगला राह्यते तुमचा. फक्त समजत काही नाई."

कुसुमकाकू उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या, दुपारी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी नव्हत्या. अमरावतीहून त्यांची मुलगी मनीषा आली, पातूरहून धाकटे भाऊ सुधाकरराव आले. काकांनी इतरांना वर्षानुवर्षं जे सांगितलं होतं तेच केलं. मंत्राशिवाय अग्नी दिला, राख अंगणातल्या कडुनिंबाच्या मुळाशी घातली. सुधाकरराव खाली मान घालून सगळं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "भाऊजी, दहावं कधी ठेवाचं?"

"दहावं नाई. आठवनीचा कार्यक्रम ठेवू."

"तिचं काय म्हननं होतं?"

सुधाकररावांना काकांची ही सवय ठाऊकही नव्हती. त्यांनी आपलं सरळ विचारलं होतं. पण काकांनी डावा खिसा चापपला, उजवा चापपला, आणि आत गेले.

कार्यक्रम कॉलनीच्या हॉलमध्ये झाला. या वेळचा बोर्डही मीच रंगवला. काकूंचा फोटो, शेजारी बांबूला बांधलेली फळी. लोक आठवणी सांगत होते. कोणी त्यांच्या हातच्या कढीगोळ्यांची सांगितली, कोणी काकू भांडणाऱ्या नवराबायकोच्या मधे जाऊन नुसत्या बसायच्या त्याची. रफीकभाई पहिल्या रांगेत होते. सगळ्यांचं झालं. मागे वाढपी पातेल्यांवरची झाकणं काढत होते. काका फळीपाशी गेले आणि त्यांनी दोरी ओढली.

एकदा.

आम्ही दुसरीची वाट बघत राहिलो. काकांच्या हातात दोरी होती. पंखा फिरत होता. फळीवर मीच लिहिलं होतं, एक म्हणजे थांबा, म्हणून सगळे थांबले.

"मास्टर," रफीकभाई हलकेच म्हणाले.

"थांब रफीक."

"मी गेर टाकून बसेल हावो, मास्टर."

"थांब म्हनतो ना." मग ते आमच्याकडे वळले. एवढ्या वर्षांत मांडवात उभं राहिल्यावर त्यांचा आवाज मी कधी खाली आलेला ऐकला नव्हता. "मले सांगा कोनी. तिचं काय म्हननं होतं? तिले दहावं पाह्यजे होतं का हे पाह्यजे होतं?"

सुधाकरराव म्हणाले, "तुमालेच ठाव असन, भाऊजी."

"मले ठाव नाई. जगाले इचारत फिरलो. घरी इचारलं नाई."

त्यांनी दोरी सोडून दिली आणि फोटोसमोर जमिनीवर बसले. काकांना मांडवात बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माणसांनी नेहमीसारख्या माना वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथली खुर्ची रिकामी होती. एक वाढपी माझ्यापाशी येऊन कानात म्हणाला, "मॅडम, वाढू का?" मला इतकं रडू आलं की शेवटी मीच बाहेर गेले. काही जण जेवले, काही तसेच घरी गेले. फाटकाशी दोघं एकमेकांना विचारत होते, झालं का. या वेळी कोणी, झालं असन, असंही म्हणालं नाही.

त्यानंतर काकांनी कार्यक्रम घेतले नाहीत. लोक यायचे, मुलांची लग्नं काढून यायचे. काका सांगायचे, "माह्यी एक गाडी हुभी हाये. ती निघाल्याबिगर दुसरी कशी काढू?" लोकांना वाटे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही एकदोनदा तसं वाटलं.

सुधाकररावांनी पातूरला आपल्यापुरतं दहावं उरकलं होतं. ते काकांनी मला भिंतीवरून सांगितलं. "लवकर शिवला म्हन्ते. ठेवल्या ठेवल्या." मी हं म्हटलं. ते कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "कावळ्याचं बरं राह्यते, मॅडम. शिवला का झालं." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

मग एका संध्याकाळी दिवेलागणीला ते माझ्या दारात आले. चपला बाहेर काढल्या. "त्यातले तिचे कोनते?" मी दाखवले. त्यांनी हात जोडले नाहीत. जरा वाकून, तिकिटावरचं बारीक अक्षर वाचावं तसे दोन्ही देव बघितले.

"ती काय मागत होती इथं?"

आता माझ्यावरच आलं होतं. मी काहीतरी गोड सांगू शकले असते. तुमच्यासाठी मागायच्या, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, निदान मला तरी. पण मीही हे काकूंना एकदा विचारलं होतं, आणि त्या जे म्हणाल्या होत्या तेच मी सांगितलं. "देवाशी बोलनं होत नाई माह्यं. उगी बसनं होते. घरी बसलं का कोनी ना कोनी काही मागते."

काका माझ्याकडे वळले.

"म्हंजे दहावं पाह्यजे होतं का नाई?"

"मला नाही कळत, काका."

"मलेबी नाई," ते म्हणाले. "मंग मीबी बसतो."

आणि बसले. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच यायला लागले. गुडघ्यांवर हात ठेवून, दिव्याकडे बघत. हे काय चाललंय, पूजा की प्रायश्चित्त की नुसती म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळ, मला समजत नव्हतं, आणि त्यांनाही समजत नसावं. कारण काही वेळानं ते माझ्याकडे वळून विचारायचे, "झालं का?"

ज्या माणसाच्या मांडवात सगळं गाव हा प्रश्न विचारायचं, तो मला विचारत होता. मला तरी काय ठाऊक. पण कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी म्हणायचे, "हो काका, आजचं झालं." मग ते उठायचे, डावा खिसा चापपायचे, उजवा चापपायचे आणि घरी जायचे. त्यांच्या घरात भिंतीवर टांगलेल्या घंटीच्या फळीला मात्र त्यांनी हात लावला नाही.

मी निवृत्त झाले आणि अमरावतीला मुलीजवळ राहायला जायचं ठरलं. सामान टेम्पोनं आधीच गेलं. मी बसनं निघाले. काका स्टँडवर पोचवायला आले, माझी पिशवी त्यांनी कोणाला उचलू दिली नाही. गाडीत चढून ती वर सामानाच्या रॅकवर बसवली, दोनदा हलवून पाहिली. मी मांडीवरचा स्टीलचा डबा उघडला. काकूंचाच तो. आत दोघं होते.

"हे तुमचे," मी म्हटलं.

ते मागे सरले. "मी काय करू याचं?"

"काही करू नका. उगी बसा."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग अन्नपूर्णा उचलून डाव्या खिशात ठेवली, बटण लावलं. बाळकृष्ण उजव्या खिशात. त्याचंही बटण लावलं. मग नेहमीसारखे दोन्ही खिसे चापपले. इतक्या वर्षांत त्या खिशांत काहीतरी असताना त्यांनी ते चापपलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

इंजिन सुरू होतं. कंडक्टर बाई खाली कोणाशी तरी बोलत उभी होती. काका दारापर्यंत गेले, पायरीवर एक पाय ठेवला आणि त्यांचा हात वर दोरीकडे गेला. सवयीनं गेला असेल. दोरी ओढली गेली. एकदा. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं. काका तसेच, दोरी धरून. मला वाटलं, आता तिथंच सोडून उतरतील. हॉलमधला तो पंखा पुन्हा डोक्यावर फिरायला लागला.

मग त्यांनी दुसऱ्यांदा ओढली.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. काका खाली उतरले. कंडक्टर बाई धावत येऊन चढली आणि चिडून म्हणाली, "बेल कोनं मारली?" मी खिडकीतून मागे पाहिलं. काका गाडीकडे बघत नव्हते. पाठ फिरवून स्टँडच्या फाटकाकडे चालले होते, एक हात डाव्या खिशावर ठेवून. फाटकाशी एका म्हातारीनं त्यांना काहीतरी विचारलं, बहुतेक गाडीचं. ते थांबून हात लांब करून तिला सांगत होते. मग गाडी वळली.

ती बेल कोणासाठी होती, हे मला आजही सांगता येत नाही. हॉलमधली राहिलेली ती हीच, असं मी कधी समजते. कधी वाटतं, जुन्या कंडक्टरचा हात, बसमध्ये दोरी दिसली, ओढली. बोरगाव येईपर्यंत रिकामा डबा माझ्या मांडीवर उघडाच होता. तळाशी थोडं कुंकू राहिलं होतं. कंडक्टर बाई तिकिटाला आली तेव्हा तिनं विचारलं, "ते काका कोन होते, जी?"

"त्यांनीच बेल मारली," मी म्हटलं. "झालं आता."